मैदानावरचा पराक्रम आणि घरांतलें वर्तन

मध्य रेल्वेच्या मार्गावर कल्याणच्या पुढचें विठ्ठलवाडी हें एक लहानसें स्थानक आहे. तेथून डोंबिवली-ठाण्यापर्यंत जेथें थोडीशी मोकळी जागा सांपडते, तेथें सुटीच्या दिवशीं मुलें क्रिकेटचा डाव मांडतात. खेळणाऱ्या प्रत्येक मुलाच्या मनांत कोणा ना कोणा खेळाडूची मूर्ति असते. त्याची बॅट धरण्याची ढब, त्याचें चालणें, त्याचे केस राखणेंसुद्धां मुलें उचलतात. खेळाडूचा लौकिक हा केवळ धावांचा हिशेब नसतो. तो घराघरांतील लहानथोरांच्या मनांत शिरलेला असतो. म्हणूनच, ज्या खेळाडूवर स्वतःच्या घरांत स्त्रीला मारझोड केल्याचा वा तिचा छळ केल्याचा आरोप आला, किंवा तसा दोष न्यायालयांत शाबीत झाला, त्याचा गौरव समाजानें पुढें चालूं ठेवावा कीं नाहीं, हा प्रश्न केवळ क्रीडामंडळांचा राहत नाहीं. तो प्रत्येक कुटुंबाचा होतो.

या प्रश्नाला बहुधा दोन टोकांचीं उत्तरें दिलीं जातात. एक पक्ष म्हणतो, खेळ वेगळा आणि घर वेगळें. मैदानावर ज्यानें देशाचें नांव राखलें त्याच्या उंबरठ्याआड डोकावण्याचा अधिकार कोणाला नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, अशा मनुष्याचें नांवच पुसून टाकावें. दोन्ही पक्षांची चूक एकाच ठिकाणीं होते. ‘गौरव’ या एका शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत, त्या ते वेगळ्या करीत नाहींत. पहिली गोष्ट नोंद, म्हणजे घडलेल्या पराक्रमाचा खरा इतिहास. दुसरी सन्मान, म्हणजे पदवी, पदक, व्यासपीठावरील आसन. तिसरी आदर्श, म्हणजे ‘यासारखा हो’ असें मुलाला सांगणें. नोंद भूतकाळाची असते. सन्मान आणि आदर्श मात्र समाज आज, आपल्या इच्छेनें देत असतो. जें इच्छेनें दिलें जातें, त्याची जबाबदारी देणाऱ्यावर येते.

महाराष्ट्रांत या प्रश्नाची सर्वांत अवघड बाजू विनोद कांबळी यांच्या बाबतींत दिसून येते. फेब्रुवारी १९८८ मध्यें आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यांत शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनीं ६६४ धावांची अभंग भागी केली. त्यांत सचिन तेंडुलकर यांच्या नाबाद ३२६ आणि कांबळी यांच्या नाबाद ३४९ धावा होत्या. पुढें १९९३ सालीं कांबळी यांनीं वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगोलग दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा काढल्या. त्यांच्या कसोट्या अवघ्या १७. परंतु १०८४ धावांची त्यांची सरासरी चौपन्नाच्या वर आहे. ही झाली नोंद. फेब्रुवारी २०२३ मध्यें त्यांच्या पत्नीनें वांद्रे पोलिसांकडे तक्रार दिली कीं, त्यांनीं स्वयंपाकाच्या भांड्याचा दांडा फेकून मारल्यानें आपल्या डोक्यास दुखापत झाली. पोलिसांनीं गुन्हा नोंदविला. हा आरोप आहे, शाबीत दोष नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलें पाहिजे. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्यें शिवाजी पार्कवर गुरुवर्य रमाकांत आचरेकर यांच्या स्मारकाच्या समारंभांत कांबळी यांची खालावलेली प्रकृति सर्वांनीं पाहिली, आणि त्याच महिन्यांत त्यांना भिवंडी परिसरांतील रुग्णालयांत दाखल करावें लागलें. लोकांच्या मनांत कणव दाटून आली, जुने सोबती मदतीस धांवले, आणि जानेवारी २०२५ मध्यें वानखेडे मैदानाच्या पन्नासाव्या वर्षाच्या सोहळ्यांत त्यांचा सत्कारहि झाला.

यांत कोणती गोष्ट योग्य आणि कोणती विचारार्ह? आजारी माणसाची शुश्रूषा, त्याच्या उपचाराचा खर्च, त्याच्या चरितार्थाची सोय, हीं माणुसकीचीं कर्तव्यें होत. तीं दोषी मनुष्यालाहि नाकारतां येत नाहींत. आरोपिताला तर नाहींच नाहीं. परंतु साह्य आणि सत्कार या दोन गोष्टी एक नव्हेत. साह्य गरजेकडे पाहून दिलें जातें, सत्कार माणसाकडे पाहून होतो. कणवेच्या भरांत जो समाज हा भेद विसरतो, तो तक्रार करणाऱ्या स्त्रीलाहि नकळत विसरून जातो. सत्काराची बातमी छापतांना त्या तक्रारीचें पुढें काय झालें, हें विचारण्याची आठवण किती जणांना राहते?

आरोपाच्या पुढची पायरी म्हणजे न्यायालयाचा निष्कर्ष. त्याचें उदाहरणहि मुंबईंतलेंच आहे. लिअँडर पेस यांनीं १९९६ सालीं अटलांटा ऑलिंपिकमध्यें टेनिसचें कांस्यपदक मिळविलें. त्यांचे वडील वेस पेस यांनीं १९७२ सालीं म्यूनिक येथें हॉकीचें कांस्यपदक मिळविलें होतें, आणि त्या घराण्याचें मूळ गोव्याचें. पेस यांच्या माजी सहचारिणीनें २०१४ सालीं कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीं अर्ज केला. फेब्रुवारी २०२२ मध्यें वांद्रे येथील दंडाधिकारी न्यायालयानें निर्णय दिला कीं, पेस यांच्याकडून कौटुंबिक हिंसाचाराचीं कृत्यें घडल्याचें सिद्ध झालें आहे. अर्जदार स्त्रीनें एकत्र राहण्याचें घर सोडल्यास तिला दरमहा एक लाख रुपये निर्वाहासाठीं आणि पन्नास हजार रुपये घरभाड्यासाठीं द्यावे, असा हुकूम झाला. निकाल लागण्यास सुमारें आठ वर्षें लोटलीं. निकाल पहिल्या पायरीच्या न्यायालयाचा होता, आणि अशा निकालावर वरच्या न्यायालयाचा मार्ग दोन्ही पक्षांना असतो, हें खरें. पण लक्षांत घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. जुलै २०२४ मध्यें अमेरिकेंतील न्यूपोर्ट येथें आंतरराष्ट्रीय टेनिसच्या कीर्तिमंदिरांत पेस यांचा समावेश झाला. त्यांचा खेळ त्या योग्यतेचा होताच. मात्र तो समारंभ ‘नोंदी’चा होता कीं ‘सन्माना’चा, याची वाटाघाट कोठें फारशी झाली नाहीं.

या ठिकाणीं कायद्याची थोडी माहिती अवश्य आहे. २००५ सालीं झालेला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलांत आलेला हा कायदा केवळ मारहाणीलाच हिंसा समजत नाहीं. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक-भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार त्यांत सांगितले आहेत. विवाहित पत्नीप्रमाणें विवाहासारख्या नात्यानें एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाहि त्याचें संरक्षण आहे. राहतें घर, निर्वाह, संरक्षणाचा हुकूम या गोष्टी त्याखालीं मागतां येतात, आणि संरक्षणाचा हुकूम मोडणें हा गुन्हा ठरतो. म्हणून या कायद्याखालचा निष्कर्ष म्हणजे फौजदारी शिक्षा नव्हे. पण ती नुसती कुजबूजहि नव्हे. ज्याच्यावर तो आला त्यास तुरुंगांत घालावें असें कोणी म्हणत नाहीं. परंतु त्याला दुसऱ्याच दिवशीं शाळेच्या स्नेहसंमेलनाचें अध्यक्षपद द्यावें कीं काय, हा प्रश्न खासच विचारतां येतो.

क्रीडासंस्था या प्रश्नाकडे कशा पाहतात, तें मोहम्मद शमी यांच्या प्रकरणांत स्वच्छ दिसलें. मार्च २०१८ मध्यें त्यांच्या पत्नीनें त्यांच्यावर छळाचे आणि मारहाणीचे आरोप केले; त्याबरोबर पैशाच्या संशयास्पद व्यवहाराचाहि एक आरोप होता. शमी यांनीं सारे आरोप नाकारले. क्रिकेट नियामक मंडळानें त्यांचा वार्षिक करार रोखून धरला आणि भ्रष्टाचार-प्रतिबंधक विभागाकडून चौकशी करविली. पैशाच्या आरोपांत तथ्य नाहीं असें ठरतांच त्याच महिन्यांत करार बहाल झाला. मारहाणीच्या आरोपांची चौकशी करणारा विभाग मंडळाकडे नव्हता. तो प्रश्न न्यायालयाचा म्हणून बाजूस राहिला. जानेवारी २०२४ मध्यें शमी यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, आणि जुलै २०२५ मध्यें कलकत्ता उच्च न्यायालयानें पत्नी व मुलगी यांच्या निर्वाहासाठीं दरमहा चार लाख रुपये देण्याचा अंतरिम हुकूम केला. निर्वाहाचा हुकूम म्हणजे हिंसेचा निर्णय नव्हे, आणि येथें शमी दोषी आहेत असें सुचवावयाचें नाहीं. सुचवावयाचें आहे तें संस्थेविषयीं. सामन्याचा सौदा करणाऱ्यासाठीं तिच्याकडे पहारेकरी आहेत. उत्तेजक द्रव्य घेणाऱ्यासाठीं तपासनीस आहेत. घरांतील स्त्री तक्रार घेऊन आली तर तिला बसावयास खुर्चीहि नाहीं.

बाहेरच्या जगांतहि हा घोळ आहेच. इंग्लंडचे सुप्रसिद्ध सलामीचे फलंदाज जेफ्री बॉयकॉट यांची समालोचनाची वाणी आपल्याकडील क्रिकेट-रसिकांना चांगली परिचित आहे. १९९६ सालीं फ्रान्समध्यें एका हॉटेलांत तत्कालीन मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल तेथील न्यायालयानें त्यांना १९९८ मध्यें दोषी ठरविलें; दंड आणि तहकूब ठेवलेली तीन महिन्यांची कैद अशी शिक्षा झाली. आपण निर्दोष आहों असें ते सतत सांगत आले. तरी २०१९ सालीं त्यांना ‘सर’ ही पदवी दिली गेली, आणि पीडित स्त्रियांसाठीं काम करणाऱ्या संस्थांनीं तिचा जाहीर निषेध केला. बॉयकॉट यांच्या कसोटींतील आठ हजारांवर धावा या निषेधानें एकानेंहि कमी होत नाहींत. प्रश्न धावांचा नव्हताच. न्यायालयाचा दोषनिर्णय समोर असतां राजसत्तेनें नवा मान देण्याची निवड केली, हा प्रश्न होता.

अमेरिकेंतील उदाहरण आणखी बोलकें आहे. रे राइस या फुटबॉलपटूनें २०१४ सालीं भावी पत्नीला लिफ्टमध्यें मारून बेशुद्ध केलें. प्रथम त्याला केवळ दोन सामन्यांची बंदी झाली. कांहीं आठवड्यांनीं त्या प्रहाराचें चलच्चित्र लोकांनीं पाहिलें, आणि त्याच दिवशीं त्याच्या संघानें त्याला काढून टाकलें. कृत्य तेंच होतें. बदललें तें फक्त पाहणाऱ्यांचें अवघडलेपण. तेथील बेसबॉलच्या संघटनेनें मात्र २०१५ सालीं खेळाडूंच्या संघाशीं करार करून नियम केला. चौकशी, उपचार, शिक्षा आणि शिक्षेविरुद्ध दाद, या चारहि गोष्टी त्यांत आधींच लिहून ठेविल्या. नियम आधीं ठरलेला असला म्हणजे खेळाडूची लोकप्रियता आणि लोकांचा क्षोभ या दोहोंच्या लहरीवर न्याय लटकत नाहीं.

या साऱ्यांत कोणाचें काय पणास लागलें आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरींत असें आढळलें कीं, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर शंभर स्त्रियांपैकीं सुमारें ७७ जणींनीं ना कोणाची मदत मागितली, ना ती गोष्ट कोणाला सांगितली. मदत मागणाऱ्या होत्या अवघ्या चौदा. गप्प राहणाऱ्या या स्त्रिया दूरच्या कोणी नव्हेत. शेजारच्या बिऱ्हाडांतल्या, सुशिक्षित घरांतल्याहि आहेत. आपल्या सोसण्याची गोष्ट बाहेर सांगावी कीं नाहीं, याचा अंदाज प्रत्येक जण भोंवतालच्या बोलण्यावरून बांधीत असते. घरांत सर्वांसमक्ष ‘अशा मोठ्या खेळाडूला बदनाम करण्यासाठींच तिनें हें केलें असेल’ असें सहज बोललें जातें, तेव्हां तें वाक्य त्या खेळाडूच्या कानांवर कधींच जात नाहीं. तें ऐकते ती स्वयंपाकघरांतली सून, आणि ऐकतो तो अभ्यास करणारा मुलगा. पहिली गप्प राहण्यास शिकते. दुसरा काय शिकतो तें सांगावयास नको.

यावर दोन आक्षेप येतात आणि दोन्ही विचार करण्याजोगे आहेत. आरोप खोटाहि असूं शकतो, हा पहिला. म्हणूनच आरोप, न्यायालयाचा निष्कर्ष आणि शिक्षा या तीन पायऱ्या वेगळ्या राखल्या पाहिजेत. नुसत्या आरोपावर कोणाचें पदक काढून घेणें अन्याय होईल. परंतु चौकशी चालूं असतां नवा सत्कार थोडा लांबणीवर टाकल्यानें कोणावरहि अन्याय होत नाहीं. मनुष्य सुधारतो, हा दुसरा आक्षेप. सुधारतो, यांत शंका नाहीं. आणि ज्यानें दोष कबूल केला, उपचार घेतला, भरपाई दिली, त्याला परत येण्याची वाट मोकळी असलीच पाहिजे. मात्र पश्चात्तापाची साक्ष त्याच्या चाहत्यांनीं देऊन चालत नाहीं. जिला सोसावें लागलें तिचें म्हणणें त्यांत ऐकलें गेलें पाहिजे.

तेव्हां उत्तर असें निघतें. धावा, पदकें आणि विक्रम इतिहासांत जसेच्या तसे राहावे. त्यांतून नांव खोडणें म्हणजे खोटें लिहिणें. आजारपणांत आणि अडचणींत मदतीचा हात कोणालाहि मिळावा. पण नवी पदवी, नवें व्यासपीठ आणि मुलांपुढें ठेवावयाचा कित्ता, या गोष्टी देतांना घराच्या भिंतीआड काय घडलें याची विचारपूस देणाऱ्यानें केलीच पाहिजे, आणि क्रीडामंडळांनीं त्यासाठीं नियम आधींच लिहून ठेवले पाहिजेत. कुटुंबांचें काम याहून सोपें आहे. दूरदर्शनसमोर बसून एखाद्या सुरेख फटक्याला दाद देतांना मुलाला एवढेंच सांगावें कीं, हा फटका शिकण्यासारखा आहे. वागणें कोणाचें शिकावें, तें मात्र निराळें पाहून ठरवावें लागतें.