बांधीतला परजीवी आणि पडद्यावरचा परग्रहवासी

दूरच्या ग्रहावर वसलेल्या मानवी वस्तीवर परजीवी परग्रहवासीयांनी केलेले आक्रमण हा विज्ञानभयकथेचा एक रुळलेला विषय असून, त्याचे सर्वाधिक परिचित रूप रिडली स्कॉट यांच्या १९७९ सालच्या ‘एलियन’ आणि जेम्स कॅमेरॉन यांच्या १९८६ सालच्या ‘एलियन्स’ या दोन चित्रपटांनी घडवले. पहिल्या चित्रपटात मालवाहू यानातील एका कर्मचाऱ्याच्या चेहऱ्याला चिकटलेला जीव त्याच्या शरीरात आपला गर्भ ठेवतो, तो गर्भ कोणाला न कळता आत वाढतो आणि अखेर छाती फोडून बाहेर पडतो; दुसऱ्यात हाच प्रसंग बायकामुलांसह राहणाऱ्या संपूर्ण वसाहतीवर ओढवतो आणि तेथील माणसे पुढच्या पिढीच्या पोषणासाठी जिवंतपणी भिंतींना जखडली जातात. पाहणाऱ्याला हे सारे पृथ्वीबाहेरचे वाटते. परंतु त्यातील अंडे, गुप्त वाढ, यजमानाला शेवटपर्यंत जिवंत ठेवणे आणि त्याला फोडून बाहेर येणे यांपैकी प्रत्येक टप्पा पृथ्वीवरील कीटकांत कोट्यवधी वर्षे चालत आलेला आहे, आणि गोंदिया जिल्ह्यातील धानाच्या बांध्यांत तो खरीप हंगामात कमीअधिक प्रमाणात पाहायला मिळतो. कथाकारांनी पदरची घातलेली गोष्ट एकच, ती म्हणजे परजीवीचे परकेपण, आणि जीवशास्त्राच्या कसोटीवर नेमकी तीच टिकत नाही.

दुसऱ्या सजीवाच्या अंगावर किंवा अंगात राहून त्याच्याच जिवावर पोसला जाणारा जीव म्हणजे परजीवी, आणि ज्याच्यावर तो पोसला जातो तो यजमान. गोचीड, ऊ, पोटातील जंत हे या अर्थाने परजीवी होत. यजमान मेला तर आसरा आणि अन्न दोन्ही जाते, म्हणून ते सहसा त्याला जगू देतात. मात्र काही माश्या आणि गांधीलमाश्यांच्या नात्यातले असंख्य सूक्ष्म कीटक यांची रीत वेगळी आहे, कारण त्यांची अळी यजमानाच्या शरीरात वाढते आणि तिची वाढ पूर्ण होताना यजमानाचा मृत्यू ठरलेलाच असतो. या गटासाठी फिनलंडचे कीटकशास्त्रज्ञ ओ. एम. रॉयटर यांनी १९१३ साली ‘पॅरासिटॉइड’ ही स्वतंत्र संज्ञा योजली. मराठी कृषिसाहित्यात त्यांना परोपजीवी कीटक म्हणतात. पडद्यावरचा परग्रहवासी काटेकोर अर्थाने याच गटातला आहे. जिवंत सुरवंटाच्या शरीरात पोसल्या जाणाऱ्या अशा कीटकांची योजना दयाळू ईश्वराने मुद्दाम केली असेल हे आपल्याला पटत नाही, असे चार्ल्स डार्विन यांनी १८६० साली अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांना लिहिले होते, यावरून या जीवनक्रमाने विचारी मनाला किती अस्वस्थ केले होते ते दिसते.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा वैनगंगेच्या खोऱ्यात येतो आणि त्याची शेती मुख्यतः धानाची आहे. मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारांच्या काळातील तलाव, बोड्या, म्हणजे लहान तळी, आणि इटियाडोहसारखे प्रकल्प यांच्या पाण्यावर उभ्या असलेल्या या बांध्यांत श्रावण-भाद्रपदातील ढगाळ, दमट हवा गादमाशी या धानावरच्या किडीला मानवते. ही माशी दिसायला डासाएवढी असते, मादीचे पोट तांबूस असते, ती रात्री वावरते आणि दिव्याकडे ओढली जाते. प्रौढ माशीचे आयुष्य मोजक्या दिवसांचे असले तरी तेवढ्यात ती धानाच्या पानांवर शंभराहून अधिक अंडी घालते. तीन-चार दिवसांनी अंड्यातून निघालेली अळी पानावरच्या ओलाव्याच्या आधाराने खाली सरकते आणि पानाचे आवरण व खोड यांमधल्या फटीतून फुटव्याच्या वाढत्या कोंबापर्यंत पोहोचते. ओल नसेल तर तिचा हा प्रवास अर्ध्यावरच संपतो, आणि पावसाळी हवेत या किडीचा जोर का वाढतो याचे एक उत्तर येथे आहे.

कोंबापाशी पोहोचल्यावर जे घडते ते कोणत्याही भयपटापेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे. अळी कोंब कुरतडून फस्त करत नाही. तिच्या लाळेतील द्रव्यांमुळे धानाची स्वतःचीच वाढयंत्रणा बदलते आणि ज्या पेशींनी पान व पुढे लोंब घडवायची, त्या अळीभोवती एक पोकळ दालन बांधू लागतात. हेच दालन पुढे कांद्याच्या पातीसारखी गोल, फिकट रुपेरी नळी होऊन बाहेर दिसते. तिला चंदेरी पोंगा म्हणतात. नळी झालेल्या फुटव्याला लोंब येत नाही. झाड हानी भरून काढण्यासाठी नवे फुटवे काढते, परंतु कोवळे फुटवे हेच पुढच्या पिढीच्या अळ्यांचे ठिकाण असल्यामुळे झाडाचा बचावच किडीच्या उपयोगी पडतो. अळीचा कोष झाला की तो आपल्या अंगावरच्या काट्यांच्या साहाय्याने नळीतून वर चढतो, टोकाजवळ आतून छिद्र पाडतो, अर्धा बाहेर येतो आणि त्यातून माशी उडून जाते. कोषाचे रिकामे कातडे छिद्राशी अडकून राहते. अंड्यापासून इथवरचा सारा क्रम साधारण तीन आठवड्यांत पुरा होतो. फुटवे येण्याचा काळ संपून लोंब धरू लागली की अळीला उपयोगी असा कोंबच उरत नाही, म्हणून वेळेवर झालेली रोवणी बरीचशी वाचते आणि लांबलेली रोवणी सापडते.

या नाट्यात आणखी एक पात्र आहे, आणि ‘एलियन’च्या कथेत त्याला जोड नाही. प्लॅटिगॅस्टर ओरायझी हा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा काळा, चकचकीत परोपजीवी कीटक गादमाशीच्या अंड्यात आपले अंडे घालतो. गादमाशीची अळी नेहमीप्रमाणे अंड्यातून निघते, कोंबापर्यंत जाते, नळी तयार करून घेते, आणि या सगळ्या काळात तिच्या शरीरात दुसऱ्याचा गर्भ असतो. या कीटकात बहुभ्रूणता आढळते, म्हणजे एकाच अंड्याचे विभाजन होत जाऊन त्यातून अनेक भ्रूण तयार होतात. त्यामुळे एका अळीतून पुढे कितीतरी परोपजीवी बाहेर पडतात आणि अळीचे नुसते कवच राहते. धानात अळी आणि अळीत तिचा काळ, अशी ही यजमानाच्या पोटातल्या यजमानाची रचना आहे. तिची वेळ ध्यानात घेण्याजोगी आहे: परोपजीवी अळीला मारतो तो नळी झाल्यानंतर, म्हणजे तो फुटवा गेलेलाच असतो, आणि लाभ होतो तो पुढच्या पिढीत, जेव्हा नळीतून अंडी घालणारी माशी न निघता माशीची अंडी शोधणारे कीटक निघतात.

परकेपणाचा मुद्दा येथे उलगडतो. गादमाशीच्या लाळेला धानाच्या पेशी प्रतिसाद देतात, कारण दोघांच्या रसायनांची गाठ फार दीर्घ काळ पडत आलेली आहे. धान आणि त्याचे जंगली सगेसोयरे सोडून अन्यत्र या माशीचे फारसे चालत नाही. धानानेही प्रत्युत्तर घडवले आहे. गादमाशीला रोखणारी अकराहून अधिक जनुके, म्हणजे आनुवंशिक गुणांचे वाहक घटक, शास्त्रज्ञांनी धानात ओळखली आहेत, आणि त्यांना चकवणारे माशीचे निरनिराळे जैवप्रकारही भारतात नोंदले गेले आहेत. सयाम २९ या वाणाकडून प्रतिकारशक्ती घेतलेला ‘फाल्गुना’ हा वाण आंध्र प्रदेशाच्या श्रीकाकुळम भागात १९८०च्या दशकात गादमाशीला बळी पडू लागला, तो अशाच एका नव्या जैवप्रकारामुळे. एकाच पिकाच्या एकाच जनुकाचा अडसर ओलांडायला जिथे नवा प्रकार उत्क्रांत व्हावा लागतो, तिथे ज्याच्या पूर्वजांनी माणूस कधी पाहिला नाही अशा परग्रहावरील जिवाला मानवी शरीरात गर्भ वाढवता यावा, ही कल्पना अशक्यप्राय ठरते. पृथ्वीवरील प्रथिने जवळजवळ सर्वस्वी डाव्या घडणीच्या अमिनो आम्लांची बनलेली असतात. परग्रहावर घडण वेगळी निघाली तर मानवी मांस त्या जिवाला पचणेही कठीण आहे. तो माणसाला ठार मारू शकेल. त्याच्या देहात बिऱ्हाड करणे ही निराळी गोष्ट आहे, आणि तिला पिढ्यान्‌पिढ्यांचा सहवास लागतो.

माणसाच्या देहात बिऱ्हाड करणारे जीवही त्यामुळे येथलेच आहेत. गोंदियासह पूर्व विदर्भात दीर्घकाळ ठाण मांडून असलेला हत्तीरोग हे त्याचे जवळचे उदाहरण. वुचेरेरिया बँक्रॉफ्टाय हा सुतासारखा कृमी माणसाच्या लसीकावाहिन्यांत, म्हणजे रक्तातून झिरपलेला द्रव परत वाहून नेणाऱ्या नलिकांत, कित्येक वर्षे राहतो आणि त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या वेळी त्वचेजवळच्या रक्तात उतरतात, कारण त्यांना पुढे नेणारा क्युलेक्स डास रात्रीच चावतो. या कृमीची वाढ डासाच्या शरीरात होते हे पॅट्रिक मॅन्सन यांनी १८७७ साली चीनमधील अमॉय येथे दाखवून दिले. आरोग्य कर्मचारी रक्तनमुने घेण्यासाठी रात्री घरोघरी जातात ते या कृमीच्या वेळापत्रकापायी. बहुतेक बाधितांना वरकरणी काहीच त्रास नसतो, म्हणून हत्तीरोगाविरुद्धच्या मोहिमेत गोळ्या जवळजवळ सर्वांनीच खाव्या लागतात. धडधाकट दिसणाऱ्या माणसालाही औषध घ्यायला राजी करणे हे या मोहिमेतले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

परग्रहावरून जीव येऊच शकणार नाहीत असा मात्र याचा अर्थ होत नाही, आणि या प्रश्नाचा शोध घेणाऱ्यांत मराठी विज्ञानकथेचे अग्रणी जयंत नारळीकर होते. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवून या वाङ्मयात आलेल्या या खगोलशास्त्रज्ञाने, सूक्ष्मजीव अंतराळातून पृथ्वीवर येत असावेत या फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांच्या तर्काची तपासणी करण्यात पुढाकार घेतला. हैदराबादहून २००१ आणि २००५ साली सोडलेल्या फुग्यांनी सुमारे ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली, तीत जीवाणू सापडले, आणि त्यांपैकी तीन जाती विज्ञानाला नव्या असल्याचे २००९ साली जाहीर झाले. अतिनील किरणांना त्या फारशी दाद देत नव्हत्या, तरी त्यांचे नाते पृथ्वीवरच्याच जीवाणूंशी जुळत होते, त्यामुळे त्या बाहेरून आल्या असे सिद्ध झाले नाही. कथा लिहिणाऱ्याने आपल्या कल्पनेला अशी प्रयोगाची परीक्षा द्यायला लावावी, हे मराठी विज्ञानसाहित्याचे भाग्यच म्हटले पाहिजे.

‘एलियन्स’मधील वसाहतीपुढे अखेरीस सर्वनाशाखेरीज उपाय राहत नाही, आणि बांधीत चंदेरी पोंगे दिसले की शेतकऱ्याच्या मनातही प्रथम फवारणीच येते. परंतु दिसणारी नळी ही झालेली हानी असते, फवारणीने तिची लोंब होत नाही, आणि हंगाम सरता सरता त्या नळ्यांपैकी अनेकींत माशीऐवजी प्लॅटिगॅस्टर असतो, जो सरसकट विषाने माशीआधी मरतो. म्हणून दाणेदार कीटकनाशकाचा विचार नुकसानीची पातळी, म्हणजे साधारण पाच टक्के चंदेरी पोंगे, ओलांडल्यावरच करावा असे कृषिशास्त्र सांगते, आणि त्याआधी, रोवणीनंतर सुमारे दहा दिवसांनी, परोपजीवीयुक्त नळ्या दर दहा चौरस मीटरला एक या प्रमाणात बांधीत ठेवण्याची शिफारस करते, म्हणजे गादमाशीची अंडी पानांवर येतील त्या सुमारास त्यांचा शोध घेणारे कीटक शेतात हजर असतील.