पायदळाचा रणगाडा, घोडदळाचा रणगाडा

दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश लष्कराने रणगाड्यांची कामे वाटून दिली होती. ‘इन्फन्ट्री’ रणगाडा पायदळाच्या चालीने जाणारा. त्या प्रकारातल्या मटिल्डाचे समोरचे चिलखत ७८ मिलिमीटर जाड, वेग मात्र ताशी जेमतेम २५ किलोमीटर. ‘क्रुझर’ने घोडदळासारखी मुसंडी मारायची; त्या प्रकारातला क्रुसेडर चपळ, पण चिलखत पातळ.

खरी गोम तोफेत होती. सुरुवातीला दोघांचीही दोन पौंडी तोफ भरीव गोळाच डागायची. स्फोटक गोळे रणगाड्यांना दिलेच जात नसत. मग आफ्रिकेच्या वाळूत दडलेल्या जर्मन तोफांना उत्तर देणार कसे?

मुळात कामांची ही वाटणीच चुकीची होती. दोन्ही कामे एकट्याने करणाऱ्या १९४५च्या सेंच्युरियन रणगाड्याने ती मोडीत काढली. १९६५च्या भारत-पाक युद्धात फिलोऱ्याला भारतीय लष्कराच्या पूना हॉर्स रेजिमेंटचे लेफ्टनंट कर्नल अर्देशिर तारापोर लढले, ते सेंच्युरियनमधूनच.