विश्लेषण : चालत्या कंटेनरमध्ये शिरायचे कसे?

राजुरीच्याच जुन्नर तालुक्यात, खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० अँटेना प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या. ती चालवणाऱ्या पुण्याच्या एनसीआरए संस्थेने दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियात उभारल्या जात असलेल्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ दुर्बिणीच्या नियंत्रण प्रणालीच्या आराखड्याचे नेतृत्व केले. या नव्या दुर्बिणीचे सॉफ्टवेअर कंटेनरमध्ये चालते. त्यातला एखादा भाग अडला, तर तो बंद न करता आत डोकावायचे कसे?

कंटेनर म्हणजे काय?

प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फायली यांची स्वतंत्र खोली. मशीन तेच, पण आतल्याला बाहेरचे दिसत नाही. २०१३ मध्ये आलेल्या डॉकरने ही पद्धत घरोघरी नेली. सुरुवातीला आत जायला सोपे दार नव्हते. ऑक्टोबर २०१४ च्या १.३ आवृत्तीत ‘डॉकर एक्झेक’ ही आज्ञा आली.

ती काय करते?

मुख्य प्रोग्राम चालूच राहतो, त्याच खोलीत दुसरा प्रोग्राम सुरू होतो. आज्ञेसोबत ‘आय’ आणि ‘टी’ हे पर्याय दिले की आतले टर्मिनल हाती येते. काम संपल्यावर बाहेर पडा, मूळ प्रोग्रामला धक्का नाही. ‘अटॅच’ या आज्ञेशी मात्र तिची गल्लत करू नका. ती थेट मुख्य प्रोग्रामलाच जोडते आणि तिथे सवयीने कंट्रोल-सी दाबले तर सेवाच बंद पडू शकते. ही चूक नवख्यांकडून हमखास होते.

कंटेनर बंद असेल तर एक्झेक चालत नाही. आत हाताने केलेली दुरुस्तीही टिकाऊ नसते. कंटेनर पुसून नव्याने उभारला की ती गेली! म्हणून खरी दुरुस्ती मूळ इमेजमध्येच करावी लागते.

धोका कोणता?

फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘रनसी’ या डॉकरखालच्या घटकात गंभीर त्रुटी उघड झाली. आधीच कंटेनरमध्ये घुसलेला हल्लेखोर तिथे सापळा लावून ठेवी. प्रशासकाने तपासणीसाठी एक्झेक चालवले की बाहेरच्या मशीनवरील रनसीची फाइलच बदलली जाई आणि मशीनचा पूर्ण ताबा हल्लेखोराकडे जाई. दुरुस्ती तातडीने आली. तरीही एक्झेकचा अधिकार मोजक्यांनाच द्यावा, आणि कंटेनरमधला प्रोग्राम ‘रूट’ म्हणून चालवू नये, असे जाणकार सांगतात. काही इमेजमध्ये तर शेलच ठेवत नाहीत. तिथे आत गेल्यावर टर्मिनल मिळतच नाही.