मुख्याध्यापकांच्या पाठीशी कोण?

पद : शिक्षण हक्क कायदा, 2009 नुसार पहिली ते पाचवीसाठी 150 हून अधिक आणि सहावी ते आठवीसाठी 100 हून अधिक पट असेल, तरच पूर्णवेळ मुख्याध्यापक मिळतो. यवतमाळ जिल्ह्यातील छोट्या वस्त्या आणि पोडांवरील (कोलाम वस्त्यांवरील) शाळांत त्यामुळे वर्ग सांभाळणाऱ्या शिक्षकाकडेच प्रभार असतो.

ताण : अध्यापनाबरोबर यू-डायस या शालेय माहिती प्रणालीतील नोंदी, पोषण आहाराचा हिशेब, बैठका आणि अहवाल त्यालाच पाहावे लागतात. दोनशिक्षकी शाळेत प्रभारी बैठकीला गेला, की सगळे वर्ग एकट्या सहकाऱ्यावर येतात. त्यामुळे दोघांचे संबंध कसे आहेत, यावर रोजचा ताण ठरतो.

सहकारी : याच जिल्ह्यातील झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागात कोलामी किंवा गोंडी जाणणारा शिक्षक सोबत असला, तर पालकांशी बोलणे सोपे होते आणि गैरसमजातून येणारे वादही टळतात.

वरिष्ठ : राज्यात 1994 मध्ये शाळांच्या समूहावर, म्हणजे केंद्रावर, देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांची पदे निर्माण झाली. केंद्रप्रमुखांची भेट केवळ तपासणीपुरती न राहता मार्गदर्शनाची ठरली, तर एकटेपणा कमी होतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतर मुख्याध्यापकांशी अडचणी बोलता येतात.

गाव : शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असतात, मुख्याध्यापक सचिव असतो. सक्रिय समिती इमारत दुरुस्ती आणि विद्यार्थी-गळतीचे प्रश्न वाटून घेते.

शास्त्र : 2001 मध्ये मांडलेल्या ‘मागण्या-संसाधने’ प्रारूपानुसार कामाच्या मागण्या वाढून असा आधार, म्हणजेच संसाधने, अपुरी पडली, की मानसिक थकवा आणि कामाविषयी अलिप्तता येते.