किराणा भरला, पण ५% कॅशबॅक गेला कुठे? कार्डमागचा चार आकडी कोड समजून घ्या

बहिणीच्या लग्नासाठी मी असोद्याला घरी आलो होतो. पप्पांसोबत जळगावच्या एका दुकानात तेल, साखर, डाळी असा १८,४०० रुपयांचा किराणा भरला. पप्पा रोख द्यायला निघाले होते. मीच म्हटलं, "थांबा, माझ्या कार्डवर किराण्याला ५% कॅशबॅक आहे. ९२० रुपये वाचतील."

स्टेटमेंट आलं तेव्हा कॅशबॅक होता १८४ रुपये. म्हणजे फक्त १%. पप्पा काही बोलले नाहीत, फक्त हसले. मी रोज सॉफ्टवेअर लिहितो, तरी यात फसलो!

कस्टमर केअरला फोन केल्यावर कळलं, की बँकेच्या नोंदीत ते दुकान किराण्याचं नव्हतंच. ते घरगुती सामानाचं दुकान होतं. पुन्हा गेलो तेव्हा दुकानदार म्हणाले, "भाऊ, आधी आपलं भांड्यांचंच दुकान होतं. मशीन तेव्हाचंच हाये."

हा कोड म्हणजे काय?

दुकानदार कार्ड मशीन घेतो, तेव्हा मशीन देणारी बँक त्याचा मुख्य धंदा विचारते आणि त्यानुसार चार आकडी 'मर्चंट कॅटेगरी कोड' देते. यालाच एमसीसी म्हणतात. हे कोड आयएसओ १८२४५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरलेले आहेत. काही नेहमीचे कोड बघा:

- ५४११: किराणा, सुपरमार्केट
- ५५४१: पेट्रोल पंप
- ५८१२: हॉटेल, रेस्टॉरंट
- ५९१२: मेडिकल
- ५९४४: सोन्याचांदीची दुकानं
- ६५४०: वॉलेटमध्ये पैसे भरणं

तुम्ही कार्ड स्वाइप केलं, की मशीनकडून तुमच्या बँकेकडे एक मेसेज जातो. त्यात रक्कम, दुकानाचं नाव, शहर आणि हा कोड असतो. तुम्ही साखर घेतली की कढई, हे त्यात नसतं. बँक तुमचं बिल बघत नाही, दुकानाचा कोड बघते. रिवॉर्डचा हिशोब त्यावरूनच होतो.

म्हणूनच मॉलमधल्या मोठ्या दुकानात भाजी घेतली तरी तो खर्च 'डिपार्टमेंट स्टोअर' म्हणून धरला जाऊ शकतो. जळगावच्या सराफ बाजारात कार्डने सोनं घेणार असाल तर आधीच सावध व्हा. सोनं, पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांवर अनेक कार्डं रिवॉर्ड देतच नाहीत.

क्यूआरचं काय?

२०२२ पासून रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येतं. तिथेही दुकानाचा कोड असतोच. दुकानातला यूपीआय क्यूआर साध्या क्यूआर स्कॅनरने वाचा (पेमेंट ॲपने नाही). मिळालेल्या मजकुरात बऱ्याचदा 'एमसी' या इंग्रजी अक्षरांपुढे चार आकडे दिसतात. ०००० असेल तर ते सहसा व्यक्तीचं खातं असतं. क्रेडिट कार्डने व्यक्तीला यूपीआय करता येत नाही, त्यामुळे तिथे पेमेंट अडकू शकतं. आणि एक लक्षात ठेवा, मशीन एका कंपनीचं आणि क्यूआर दुसऱ्या कंपनीचा असेल तर एकाच दुकानाचे दोन वेगळे कोड असू शकतात.

मोठा खर्च करण्याआधी काय कराल?

१. कार्डच्या नियमांत कोणत्या प्रकारच्या खर्चाला रिवॉर्ड नाही, ती यादी वाचा. कॅशबॅकची महिन्याची कमाल मर्यादाही बघा.
२. त्याच दुकानात, त्याच मशीनवर आधी शे-दोनशेची खरेदी करा. ॲपमध्ये खर्चाचा प्रकार दिसत असेल तर तो तपासा, नाहीतर कस्टमर केअरला विचारा.
३. कोड चुकीचा असेल तर दुकानदाराला सांगा. तो तुमची बँक बदलू शकत नाही. दुकानदाराला त्याच्या मशीनच्या बँकेकडे अर्ज करावा लागतो.

माझे ७३६ रुपये काही परत आले नाहीत. पण त्या दुकानदारासोबत बसून कोड बदलायचा अर्ज मीच भरून दिला. पुढचा किराणा भरताना मात्र आधी १०० रुपयांची साखर घेणार, मग यादी काढणार.