माइक कोणाच्या हाती, ‘डॉक्टर’ कोणाच्या वाट्याला

व्याख्यानाला आलेल्या डॉक्टरची ओळख करून देताना पहिला उल्लेख ‘डॉक्टर’ असा होतो की नुसत्या नावाने? अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या २०१२ ते २०१४ मधील वैद्यकीय व्याख्यानांतून संशोधकांनी हे मोजले. एकूण ३२१ वक्त्यांची ओळख त्यांनी तपासली. ओळख करून देणारे आणि वक्ते, दोघेही एमडी किंवा पीएचडी झालेले.

ओळख करून देणारी स्त्री असेल, तर ६० पैकी ५७ पुरुषांचा आणि ४६ पैकी ४५ स्त्रियांचा पहिला उल्लेख पदवीसह झाला. म्हणजे फरक जवळपास नाहीच. माइक पुरुषाच्या हाती असताना मात्र १५२ पैकी ११० पुरुष वक्ते ‘डॉक्टर’ ठरले, म्हणजे ७२ टक्के. स्त्रिया ६३ पैकी ३१, म्हणजे ४९ टक्केच.

‘आमच्याकडे सगळे मोकळेपणाने एकमेकांना नावानेच हाक मारतात,’ हा खुलासा इथे अपुरा पडतो. मोकळेपणा सर्वांसाठी सारखा असता, तर दोन्ही टक्केवारी सारखीच घसरली असती.

बरे, ही एकाच संस्थेची रीत म्हणावी, तर कर्करोगतज्ज्ञांच्या ‘अमेरिकन सोसायटी ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’च्या २०१७ आणि २०१८ च्या वार्षिक परिषदांतही हेच दिसले. ७८१ चित्रफितींच्या पाहणीत ८१ टक्के पुरुष वक्त्यांना पदवीचा मान मिळाला, स्त्रियांपैकी ६२ टक्क्यांना. केवळ पहिल्या नावाने ओळख झालेले पुरुष ३ टक्के, स्त्रिया १७ टक्के. इथेही ओळख करून देणारी स्त्री असताना वक्त्या आणि वक्ते यांच्यात लक्षणीय तफावत आढळली नाही.

एका शब्दाने काय बिघडते? कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये त्याचे उत्तर शोधले, पदवीऐवजी आडनावाच्या उल्लेखातून. व्यावसायिक पुरुषांचा उल्लेख केवळ आडनावाने होण्याची शक्यता स्त्रियांच्या दुपटीहून अधिक होती. आणि असा उल्लेख झालेले शास्त्रज्ञ लोकांना पुरस्कारासाठी १४ टक्के अधिक पात्र वाटले. म्हणजे संबोधनाचा परिणाम कर्तृत्वाच्या मोजमापावरही होतो.

उपायाला पैसा लागत नाही. पहिला उल्लेख सर्वांचा पदवीसह, एवढा लेखी नियम पुरे. आपल्याकडच्या परिसंवादांचे आयोजक आणि सूत्रसंचालक यांनीही पुढच्या कार्यक्रमापासून तो पाळावा.