भूस्थित दूरसंवेदन आणि वातावरणीय प्रारणाचे मापन : राजूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
दूरसंवेदन म्हटले की कृत्रिम उपग्रहच डोळ्यांसमोर येतो. परंतु जमिनीवरील उपकरणाने आकाशाकडून येणाऱ्या प्रारणाची नोंद घेणे हेही दूरसंवेदनच होय. अकोले तालुक्यातील राजूर हे सह्याद्रीच्या पूर्वेकडील गाव. हिवाळ्यात निरभ्र रात्री थंडी वाढते व आभाळ आले की ती कमी होते, हा तेथील शेतकऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. जमीन रात्रभर अवरक्त किरणांच्या रूपाने उष्णता गमावते. ढग व बाष्प तसेच किरण जमिनीकडे पाठवतात. हे अधोगामी दीर्घतरंग प्रारण पायरजिओमीटरने मोजले जाते.

उपकरणांचे कार्य :
सौर प्रारणासाठी पायरॅनोमीटर वापरतात. काचेच्या घुमटाखालील काळा पृष्ठभाग तापतो व थर्मोपाईलमध्ये सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो. काच सुमारे ३ मायक्रोमीटरपुढील किरण अडवते, म्हणून पायरजिओमीटरला सिलिकॉनचा घुमट असतो. भारतात अशा मापनाचे जाळे १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने उभे राहिले. त्यात हवामान विभागाच्या पुणे येथील शास्त्रज्ञ अ‍ॅना मणी यांचा वाटा मोठा आहे. आज ज्यांवर सौरऊर्जेची गणिते मांडली जातात, त्या नोंदींमागे हे शांत परिश्रम आहेत.

मायक्रोवेव्ह रेडिओमीटर याहून पुढे जातो. तो स्वतः कोणतीही लहर सोडत नाही. २२ गिगाहर्ट्झच्या आसपास बाष्पाचे व ६० गिगाहर्ट्झच्या आसपास ऑक्सिजनचे नैसर्गिक उत्सर्जन ग्रहण करून त्यावरून निरनिराळ्या उंचीवरील आर्द्रता व तापमान काढले जाते. हवामान फुगे साधारणतः दिवसातून दोनदा सोडले जातात. हा रेडिओमीटर मात्र काही मिनिटांच्या अंतराने नोंद देतो.

घाटमाथ्यावरील अडचण :
खरा प्रश्न येथेच उद्भवतो. राजूरच्या पश्चिमेस घाटघर-रतनवाडीचा अतिपावसाचा पट्टा आहे. उपकरणाच्या आवरणावर पाण्याचा थर साचला की तो थरच उत्सर्जन करू लागतो व नोंद आकाशाची न राहता आवरणावरील पाण्याची होते. त्यासाठी जलरोधक आवरण व पंखा वापरतात, तरी मुसळधार पावसातील नोंदी सावधपणेच घ्याव्या लागतात. म्हणजे ज्या आषाढात माहितीची निकड सर्वाधिक, त्याच वेळी साधन सर्वांत दुबळे ठरते.

दुसरी अडचण डोंगरांची. क्षितिजावरील कडा निरभ्र आकाशाहून उष्ण असल्याने अधिक अवरक्त प्रारण देतो आणि पायरजिओमीटर ते आकाशाच्याच खात्यात जमा करतो. म्हणून दरीच्या तळाशी उपकरण बसवण्यापेक्षा मोकळे क्षितिज असलेले पठार निवडणे इष्ट.